हिरव्या गाडग्यातलं विरजण

डुंडुरी, रविवार, ११ जुलै १९७६

प्रिय तेक्ला,

येशूची स्तुती असो. आम्ही इकडे सुखरूप आहोत, तुम्हीही असाल अशी आशा करतो. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या वहिनीची, मार्त्सेलाची, कंबर धरली आहे, पण तोंड नीट चालू आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. गाय व्याली, कालवड झाली. यंदा तळ्याचं पाणी उशिरा ओसरलं म्हणून खाणीतली माती काढायला मे महिना संपत आला, पण माती मात्र अशी निघाली की मळताना हाताला लोण्यासारखी लागते. बाबा असते तर एक चिमूट जिभेवर ठेवून मान हलवली असती.

आता मुख्य बातमी. रिगाहून संग्रहालयाचे ते गृहस्थ पुन्हा आले होते. ऑक्टोबरात मला साठ पूर्ण होतात ना, म्हणून प्रदर्शन भरवणार म्हणतात. माझी पाच फांद्यांची मेणबत्तीदानं, भिंतीवरच्या थाळ्या, सगळं काचेच्या कपाटात. कोटाच्या बाह्या मातीला लागू न देता एकेक भांडं उचलत होते, बोटाने टिचकी मारून ऐकत होते. मार्त्सेला म्हणाली, "टरबूज घ्यायला आलेत की काय?"

जाताना त्यांनी विचारलं, "उस्ताद, ते बाप्तिस्म्याचं हिरवं गाडगं कुठे आहे हो? तसा हिरवा मी पुन्हा पाहिला नाही." मी म्हटलं, बहिणीकडे आहे, मागवून घेतो.

तेव्हा एवढं काम कर. ते गाडगं पेंढ्यात गुंडाळून तुझ्या नवऱ्याबरोबर, डोनातबरोबर, पाठव, तो बुधवारी रेझेक्नेच्या बाजाराला येतोच. आणि तोवर ते वापरू नको, उगाच चरा पडायचा. बदल्यात तुला दोन नवी देतो, तपकिरी. दिसायला साधी आहेत, पण विरजणाला तीच चांगली.

मागे भट्टीच्या दिवशी जे झालं ते झालं. मी विसरलो, तूही विसरून जा. भावाबहिणीत बोलाचाली व्हायचीच.

डोनात मागच्या बाजारात म्हणत होता की तुमची अनेले नीट जेवत नाही. मुलांचं असंच असतं. तिच्यासाठी मातीची शिट्टी करून ठेवली आहे, घोडा आहे. झिलई दिलेली नाही, तोंडात घातली तरी चालेल. तिला माझा पापा दे.

तुझा दादा,
व्हिकेंती

*

लुद्झाजवळून, रविवार, १८ जुलै

दादा,

सदासर्वकाळ स्तुती असो. तुझं पत्र आलं तेव्हा मी धार काढत होते. डोनात दारातून ओरडला, "उस्तादांनी आपल्याला आठवण्याची कृपा केली!" मी उठले ती चरवी लाथाडूनच. चार लिटर दूध जमिनीला पाजलं तुझ्यापायी.

गाडगं मिळणार नाही. बुधवारी डोनातला रिकाम्या हाताने पाठवला ते मुद्दाम, आणि त्याला सांगितलं होतं की कारण विचारलं तर नुसतं हसायचं. हसला का? त्या गृहस्थांना सांग, बघायचं असेल तर इकडे या, नव्या बटाट्यांबरोबर त्यातलं गार विरजलेलं दूध पाजते. काचेच्या कपाटात ठेवायला ते काय संताचं हाड आहे? माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याचं आहे ते. सगळ्यांदेखत तूच म्हणाला होतास, "ही पोर यातूनच पिऊन मोठी होऊ दे." ती यातूनच पिते. तुझी तपकिरी दोन ठेव तुझ्याकडे.

आता जे तू लिहिलंस की मी विसरलो, त्याबद्दल. तू विसरलास हा तुझा मोठेपणा. मी नाही विसरले, मला लाज वाटते. तेव्हा आमचा म्हातारा डॉक्टर म्हणाला होता, पोरीचं पोट असं सारखं दुखतं, घरातल्या भांड्यांत शिसं नाही ना, विचारून या. आणि मी वेडी तू भट्टी उघडत असताना, अख्खं गाव जमलेलं असताना, तिथे उभी राहून विचारते, "दादा, माझ्या गाडग्यात शिसं आहे का?" कुंभाराला त्याच्या भट्टीसमोर असं विचारतात का? तू आईच्या क्रुसावर हात ठेवलास. लोक हसले ते मला झोंबलं, म्हणून मी बोलणं टाकलं. पण चूक माझी होती. आईने उभारलेल्या क्रुसावर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही, आणि तू तर नाहीच नाही. दोन वर्षं मी तुझ्यावर रुसले, मला माफ कर. तू आधी पत्र लिहिलंस, मी लिहायला हवं होतं.

आता नवी डॉक्टरीणबाई आली आहे, चांगली आहे, पण तिनेही तेच भांड्याचं काढलं. मी ताडकन सांगितलं, "माझा भाऊ उस्ताद आहे, त्याने शपथ घेतली आहे." तिने कागदावर लिहिलेलं काहीतरी खोडलं आणि रक्त वाढायची गोळी दिली.

अनेलेचं तसंच चाललंय. पोट दुखायला लागलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहते, मग आपोआप उठते. चेहरा मेणासारखा दिसतो. आणि एक गंमत सांगते. चमचा उचलते आणि मनगट खाली लोंबतं, अगदी बाबांचं लोंबायचं तसं! डोनात म्हणतो, "आजोबांची नात आहे, हिला चाकावर बसवा." आम्ही हसतो, तीही हसते आणि दुसऱ्या हाताने मनगट उचलून धरते. पोटात दुसरं काही ठरत नाही, विरजणाला मात्र कधी नाही म्हणत नाही, म्हणून दिवसातून दोनदा तेच देते. पंधरा ऑगस्टला अग्लोनाला चालत जाऊन मेरीमातेला तिच्यासाठी मेणबत्ती लावणार आहे. तूही ये. आपण दोघं पूर्वीसारखे चालू, बाबा आपल्या मध्ये आहेत असं समजून.

शिट्टी पाठव. घोड्याला शेपूट नीट लाव, मागच्या वेळचा मांजर वाटत होता.

तुझी हट्टी बहीण,
तेक्ला

*

तार. २२ जुलै.

हिरव्या गाडग्यातलं दूध ओतून टाक अनेलेला त्यातलं काही देऊ नको त्यात शिसं आहे पत्र मागोमाग व्हिकेंती

*

डुंडुरी, गुरुवार, २२ जुलै

तेक्ला,

तार मिळाली असेल. नसेल मिळाली तर आधी एवढं कर, मग बाकीचं वाच. गाडग्यातलं सगळं ओतून टाक, डुकरालाही घालू नको. त्यातलं चमचाभर विरजणसुद्धा दुसऱ्या भांड्यात लावू नको, शेजारणीकडून आण. अनेलेला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा, आजच. तिने जे खोडलं ते पुन्हा लिहायला सांग. हे पत्र तिला दाखव, गाडगंही बरोबर ने. जाऊन आलीस की बस आणि पुढचं वाच.

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते मार्त्सेलाला मोठ्याने वाचून दाखवत होतो. चरवीवर हसलो, घोड्याच्या शेपटीवर तर फारच. मग "बाबांचं लोंबायचं तसं" इथे आलो आणि वाचायचा थांबलो. तिने पत्र हातातून घेतलं, उरलेलं स्वतः वाचलं, घडी घातली. म्हणाली, "तू लिहितोस की मी लिहू?"

मी म्हटलं, "मीच लिहितो. उद्या."

बुधवारी लिहिलं नाही. दिवसभर चाकावर बसलो. बारा वाडगे केले, सगळे वाकडे झाले, सगळे मोडून पुन्हा गोळा केला. त्या एका दिवसात तिने दोनदा प्यायलं असेल. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण अर्धं सांगायची सवय मला आता मोडायची आहे.

आता त्या गाडग्याचं सांगतो.

बाबांच्या हाताचं तुला आठवतं, पण तू लहान होतीस, कशामुळे झालं ते तुला कोणी सांगितलं नाही. ते आयुष्यभर शिसं जाळून त्याची राख दळायचे. मनगट असं पडलं की शेवटी आई त्यांना घास भरवायची. त्यांनी मला एक नियम घालून दिला होता. मेणबत्तीदानाला, भिंतीवरच्या थाळीला शिशाची झिलई चालेल, शोभेची वस्तू आहे. ज्यात माणूस खातो-पितो त्याला दुसरी झिलई. दोन्ही बादल्या शेजारी शेजारी असतात आणि दोन्हीतलं सारखंच राखाडी दिसतं, कांजीसारखं. रंग उमटतो तो आगीत. म्हणून शिशाच्या बादलीच्या कडीला लाल चिंधी बांधायची. चाळीस वर्षं ती बांधत आलो.

पाच वर्षांपूर्वी, अनेलेचं गाडगं करून सुकवलं होतं, झिलई द्यायचा दिवस होता, आणि वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. मला म्हणाला, चाकाजवळ उभे राहा. मी बघितलं, मागे ती मळकट चिंधी लोंबत होती. फोटोत कशी दिसेल? मीच सोडली आणि खिशात घातली. तो गेल्यावर त्याच गडबडीत, फोटोत माझा चेहरा कसा येईल याचा विचार करत मी तुझं गाडगं आणि दोन वाडगे बुडवले. कुठल्या बादलीत बुडवले ते मला तेव्हा खरंच कळलं नाही. ही चूक झाली. तेवढीच असती तर मी आज तुला तोंड दाखवू शकलो असतो.

पण भट्टी उघडली तेव्हा मला कळलं. तोंडाच्या विटा काढल्या आणि पहिलंच तुझं गाडगं दिसलं, सावलीत वाढलेल्या शेवाळ्यासारखं हिरवं, आतूनसुद्धा. तसा हिरवा दुसऱ्या बादलीतून येतच नाही. मार्त्सेला माझ्या कानाशी म्हणाली, "हे कुठल्या बादलीतलं?" मी म्हटलं, "गप्प बस." रिगाचे ते गृहस्थ तेव्हा प्रथमच आले होते, त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "विकणार?" म्हणाले. मी छाती फुगवून म्हणालो, "नाही, भाचीचं आहे. पोर यातूनच पिऊन मोठी होऊ दे."

तेव्हाच ते हातातून सोडून द्यायला हवं होतं. कुंभाराच्या हातून भांडं पडलं तर कोण काय म्हणणार? मी मनात म्हटलं, तेक्ला ते फडताळावर ठेवेल, इतकं सुंदर भांडं कोण वापरतं, आणि नंतर एकटी भेटली की सांगू. तू एकटी कितीतरी वेळा भेटलीस.

आणि दोन वर्षांपूर्वी तू विचारलंस. तू वेडी नव्हतीस. तू मुलीची आई होतीस आणि बरोबर माणसाला बरोबर प्रश्न विचारत होतीस. माझ्या मागे भट्टी उघडी होती, समोर गाव होतं, संग्रहालयाचे गृहस्थ होते, आणि त्या महिन्यात मला लोककलेचा उस्ताद ही पदवी मिळायची होती. मी म्हणालो, "तुझ्या डॉक्टरला विचार, मडक्याचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते तरी कळतं का त्याला?" सगळे हसले. तेवढ्यावर भागलं असतं. पण तू हसली नाहीस, माझ्याकडे बघत राहिलीस, म्हणून मी चार पावलं चालून गेलो आणि आईच्या क्रुसावर हात ठेवला. लाकूड उन्हाने तापलं होतं, ते अजून हाताला जाणवतं. तू पाठ फिरवून बसकडे निघालीस आणि मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं.

त्या दिवसापासून आधी तो म्हातारा डॉक्टर, मग ही बाई, दोघांना माझ्या शपथेने गप्प केलं. तू माझी माफी मागितलीस. तेक्ला, ते वाक्य मी परत वाचू शकलेलो नाही.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की मी फार हुशारी करतोय. गाडगं प्रदर्शनाच्या नावाने काढून घ्यायचं, तुझी पोरही वाचेल आणि माझी लाजही. डोनात बुधवारी रिकाम्या हाताने आला आणि हसला. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसून तुमच्या गावापर्यंत आलो होतो. हे तुला माहीत नाही. दुधाचे कॅन ठेवायच्या ओट्यापाशी उतरलो. अनेले पायरीवर बसली होती. कुत्रा भुंकला, तिने मान वर करून बघितलं, ओळखलं नाही. मला वाटलं, आत जाऊन काय सांगू? आणि परतीच्या बसने परत आलो. शिट्टी खिशातच राहिली.

आज सकाळी मात्र पोस्टात गेलो. पत्र पोचायला दोन दिवस लागतात म्हणून तार करायची ठरवली. खिडकीवरची लेओंतिना तारेचा मजकूर फोनवरून लुद्झाच्या पोस्टाला सांगते हे मी विसरलो होतो. मागे पाचजण रांगेत होते. लेओंतिनाने कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे असंच पाठवायचं?"

"असंच."

"'शिसं' काढून 'खराब आहे' लिहू का, उस्ताद?"

ती माझी लाज राखायला बघत होती. मी म्हटलं, "नको. तेच लिही." मग ती फोनमध्ये ओरडायला लागली आणि पलीकडच्या बाईला ऐकू येईना. "शिसं! शि... सं! अगं, बंदुकीच्या गोळीचं असतं ते! हो, गाडग्यात! व्हिकेंती उस्तादांच्याच!" तीनदा. त्या वेळी माझ्या टोपीची कड मी किती फिरवली असेल ते टोपीलाच ठाऊक.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आणि माझा वाडगा रे? त्यात मी कोबी आंबवते."

"कधीचा?"

"तुझा फोटो पेपरात आला होता ना, त्या वर्षीचा."

पोस्टातून थेट तिच्या घरी गेलो. वाडगा हातात घेतला आणि उजेडात धरताच कळलं. तिचा नवरा ओट्यावर बसला होता, मला म्हणाला, "क्रुसावर हात ठेवलास तेव्हा मी हसलो होतो रे." दुसरा वाडगा कोणाकडे आहे ते रविवारी चर्चसमोर उभा राहून विचारणार आहे. रिगाच्या गृहस्थांना पत्र लिहिलं, गाडगं मिळणार नाही, आणि का मिळणार नाही तेही लिहिलं. पुढे प्रदर्शनाचं ते काय करायचं ते करोत. चिंधी नवी आणून बांधली. जुनी पाच वर्षं कोटाच्या खिशातच होती, मार्त्सेलाला सापडली.

हे पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरबरोबर देतोय, उद्या सकाळी ओट्यावर तुला मिळेल. नेशील का विचारलं तर तो म्हणाला, शेजारची जागा रिकामी आहे, "चला की, उस्ताद." मी नको म्हटलं. तू हे वाचण्याआधी तुझ्यासमोर उभा राहिलो असतो तर मी पुन्हा काहीतरी निम्मं बोललो असतो. शनिवारच्या बसने येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी दुधाच्या कॅनच्या त्या ओट्यावर परतीच्या बसपर्यंत बसेन. डॉक्टरीणबाईंना काही विचारायचं असेल, कुठल्या कागदावर सही हवी असेल, तर डोनातला पाठव. अनेलेला पाठवू नकोस, तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत नाही. किंवा पाठव. मला काहीच मागायचा हक्क नाही.

एकच गोष्ट राहिली. लिहिताना सारखं लेखणीच्या टोकाशी येत होतं की ते फोडून टाक, तुकडे विहिरीत टाक. पण फोडू नकोस. डॉक्टरीणबाईंना ते अख्खं लागेल. आणि कोणी विचारलं, हे नक्की त्याचंच कशावरून, त्याने तर शपथ घेतली होती, तर गाडगं पालथं कर आणि कान जिथे पोटाला चिकटतो तिथे बोट फिरव. मी प्रत्येक कान अंगठ्याने दाबून बसवतो. झिलईखाली तो ठसा दिसेल, डावीकडे नखाची चीर आहे. तसा अंगठा या मुलखात दुसऱ्या कोणाचा नाही.

नेहमी इथे "तुझा दादा" लिहितो. आज ती जागा मोकळी सोडतो.

व्हिकेंती,
ज्याने ते गाडगं केलं